बायजींच्या औदार्याचा पत्ता

दिवाळी अंकात लेखकाने काही गोडधोड लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडावा, चकलीचा तुकडा मोडत मोडत दोन पाने वाचावीत आणि मन प्रसन्न व्हावे! आयकर हा विषय त्या ताटात शोभणारा नाही, हे मला कळते. पण करणार काय? हा विषय माझ्या घरी गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटावरच निघाला, आणि त्यावरून जावयाशी माझी अशी जुंपली की आमच्या सौभाग्यवतींनी अनारशांची दुरडी मध्ये सरकवून तह घडवून आणला. तह मी पाळला. मत मात्र बदलले नाही. ते येथे मांडतो. वाचकांनी अनारसे खात खात ऐकावे.

मी खामगावचा. चाळीस वर्षे एका जिनिंग फॅक्टरीत दिवाणजी होतो. दुसऱ्याच्या पैशाचा चोख हिशेब ठेवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे दुसऱ्याच्या पैशावर कोणी उदार होऊ लागला की ते माझ्या चटकन ध्यानात येते. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडील एका गावी, मुलींच्या लहानशा वसतिगृहाचे खजिनदारपण गळ्यात घेतले. डोंगरातल्या वस्त्यांवरून आलेल्या बावीस मुली तेथे राहतात आणि गावच्या शाळेत शिकतात. मुली गुणी आहेत. वाईट आहे ते पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. जमिनीतले पाणी असे खारट की त्यात डाळ शिजत नाही. आम्हाला हवे होते एक पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणि स्वयंपाकासाठी चार भिंती व पत्रे. खर्च साडेतीन लाख रुपये. मोठ्या कंपन्यांकडे समाजकार्याचा पैसा असतो असे ऐकले होते, म्हणून कागद बगलेत मारून मी मुंबई गाठली.

कचेरी थंडगार होती आणि साहेब तरुण व अदबशीर होता. त्याने चहा पाजला, कागद पाहिले, मुलींचे फोटो पाहून हळहळलाही. मग विचारले, "काका, तुमच्या जिल्ह्यात आमचा कारखाना आहे का?"

"नाही."

"मग कसे जमायचे? आम्ही कारखान्याच्या आसपास देतो."

दुसऱ्या एका कचेरीत प्रश्न निराळा निघाला. "तुमचा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे का?" मी म्हणालो, आकांक्षा पुष्कळ आहेत, यादीचे ठाऊक नाही. चौकशी केली. केंद्र सरकारने २०१८ साली देशातल्या मागास जिल्ह्यांची जी यादी केली, तीत महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत: नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि वाशीम. आमच्या शेजारचा वाशीम आत, बुलढाणा बाहेर! २००६ साली पंतप्रधानांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भाच्या सहा जिल्ह्यांना विशेष साह्य जाहीर केले, तेव्हा बुलढाणा त्या सहांत होता. म्हणजे मरणाच्या यादीत आमचे नाव होते, आकांक्षेच्या यादीत नाही.

परतीच्या गाडीत मला एकच विचार छळत होता. आमचा भाग असा की तेथे कारखाना आला नाही. कारखाना आला नाही म्हणून रोजगार नाही, रोजगार नाही म्हणून दैन्य. आणि मदत मागावी तर उत्तर असे की तुमच्याकडे कारखाना नाही, सबब मदतही नाही! आजाऱ्याने वैद्याकडे जावे आणि वैद्याने म्हणावे, "मी फक्त धडधाकट माणसांनाच औषध देतो," त्यातलाच हा प्रकार.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण त्या तरुण साहेबावर राग काढण्यात अर्थ नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार, ज्या कंपनीचा नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मत्ता ५०० कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. हेतू उत्तम. पण त्याच कलमात एक लहानसे वाक्य आहे: कंपनी जेथे काम करते तो व त्याच्या आसपासचा प्रदेश यांना प्राधान्य द्यावे. हे प्राधान्य सुचवण्यापुरते आहे, बंधनकारक नाही, असा खुलासा सरकारनेच २०२१ साली केला. पण घराजवळ दिले की पाटी आपल्याच माणसांना दिसते. मग दूर कोण जातो?

परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०२२-२३ या एका वर्षात देशभरच्या कंपन्यांनी या खाती सुमारे ३० हजार कोटी रुपये खर्च केले. राज्यांत महाराष्ट्र पहिला. हे ऐकून आपण टाळ्या वाजवतो. पण महाराष्ट्र पहिला याचा अर्थ मुंबई-पुणे पहिले. आमचा जिल्हा तेरा तालुक्यांचा, २०११ च्या शिरगणतीत पंचवीस लाख शहाऐंशी हजार वस्तीचा. येथे कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते. खामगाव-मलकापूरकडचे थोडे कारखाने सोडले तर येथली संपत्ती आहे ती जिनांत, बाजार समित्यांत आणि पतसंस्थांत. पतसंस्था पडली सहकारी संस्था. कंपनी कायद्याचे १३५ वे कलम तिला ओळखतच नाही. म्हणजे ज्यांना कायदा "द्या" म्हणतो ते आमच्याकडे नाहीत, आणि जे आमच्याकडे आहेत त्यांना कायदा काही म्हणत नाही.

हे सारे मी जावईबापूंना सांगितले. ते पुण्यात सनदी लेखापाल आहेत. बुद्धीने तल्लख, मनाने चांगले. त्यांनी शांतपणे करंजी संपवली आणि म्हणाले, "बाबा, कंपनी देते ते स्वतःच्या खिशातले. कोठे द्यावे हे सांगणारे आपण कोण?"

येथे माझ्यातला दिवाणजी जागा झाला. मी म्हटले, खिसा कोणाचा ते आधी पाहू. आणली वही आणि मांडला हिशेब. तो वाचकांनीही पाहावा; अवघड नाही.

१९६१ च्या आयकर कायद्यात ८०-जी नावाचे कलम होते. २०२५ साली नवा कायदा संमत झाला, कलमांचे आकडे बदलले, पण देणगीवरच्या सवलतीचे तत्त्व तेच ठेवले गेले. समजा, एका कंपनीने धर्मादाय संस्थेला १ लाख रुपये दिले. त्यातली निम्मी रक्कम, म्हणजे ५० हजार, तिच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. ३० टक्के दराने कर धरला तर कराचे १५ हजार वाचतात. म्हणजे त्या लाखात कंपनीचे ८५ हजार आणि सरकारी तिजोरीचे १५ हजार. तिजोरी कोणाची? साबणाच्या वडीवर आणि चपलेच्या जोडावर कर भरणाऱ्या तुमची-आमची! आमच्या वसतिगृहातल्या मुलीची आईही त्यात आहे. पाटीवर नाव मात्र एकट्या कंपनीचे लागते. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते निदान पंधरा आणे नसले तरी दोन-अडीच आणे खरे आहे.

आणि या सवलतीची गंमत अशी की ती देणाऱ्याच्या ऐपतीबरोबर वाढते. कंपनीने हजार रुपये दिले तर तिचे दीडशे वाचतात. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्या, वीस टक्क्यांच्या पायरीवरच्या कारकुनाने हजार दिले तर त्याचे वाचतात शंभर. आणि ज्याला आयकरच नाही, त्या शेतमजुराने हजार दिले तर शून्य. हजार रुपये मात्र तिघांचेही हजारच. बरे, रोख रक्कम दोन हजारांवर गेली तर सवलत नाही. आणि धान्य दिले, श्रम दिले, तर त्याची या कायद्यात गणतीच नाही.

याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात घडले आहे. राज्य सरकारने २०१७ साली "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना काढली. २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने मोठ्या प्रमाणावर यंत्रे आणून तलावांतला गाळ उपसला. काम खरोखर नामी झाले. यंत्रे संस्थेची, डिझेल सरकारचे, आणि गाळ शेतात वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, अशी त्या योजनेची वाटणी होती. तिघांनी मिळून तलाव मोकळे केले. संस्थेला देणगी देणाऱ्याला पावती मिळते आणि पावतीवर सवलत मिळू शकते. ट्रॅक्टरचे भाडे भरून, उन्हात उभे राहून गाळ नेणाऱ्या शेतकऱ्याला कोणती पावती? त्याला गाळ मिळाला, हे खरे. पण तलावात साठलेले पाणी तर साऱ्या गावाचे झाले ना?

जावईबापू हसले. म्हणाले, "बाबा, तुमचा हिशेब जुना झाला. २०१९ पासून कंपन्यांना २२ टक्क्यांचा कमी दर निवडता येतो, आणि तो निवडला की ८०-जी ची सवलत मिळत नाही. शिवाय त्या दोन टक्क्यांचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येत नाही, हे २०१४ सालीच ठरले आहे. तेव्हा तुमची तिजोरी सुरक्षित आहे."

मी म्हटले, जावईबापू, हे तर माझ्याच पथ्यावर पडले. जुनी सवलत निदान विचारत होती की, तू काही दिलेस का? ते कोठे दिलेस, हे विचारत नव्हती. नव्या कमी दराने तर दिलेस का, हेही विचारायचे सोडले. कर कमी झाला तो सर्वांचा. ज्याने संग्रामपूरला दिले त्याचा आणि ज्याने कोठेच दिले नाही त्याचाही. तिजोरीतून सूट गेली ती गेलीच, आणि तिला पत्ता मुळीच उरला नाही.

माझा मुद्दा इतकाच आहे, आणि तो मी पुन्हा सांगतो. सरकार जेव्हा दानासाठी कर सोडते तेव्हा त्या दानात जनता भागीदार असते. आणि भागीदाराला विचारण्याचा हक्क आहे, की हे दान कोणत्या पत्त्यावर चालले आहे? जेथे गरज अधिक, तेथे सवलत अधिक. जेथे सारे आधीच पोहोचले आहे, तेथे सवलत थोडी किंवा नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्याने १९६७ साली असा कायदा केला. तेथे डबघाईला आलेल्या वस्त्यांत काम करणाऱ्या संस्थेला एखाद्या व्यावसायिकाने मदत केली, तर त्या मदतीचा मोठा हिस्सा त्याच्या राज्य करातूनच कापून मिळतो. उत्पन्नातून नव्हे, थेट करातून. हा भेद ध्यानात घ्यावा. आपल्याकडे लाखावर १५ हजार वाचतात असे वर दाखवले. देणगीच्या निम्मी सूट थेट करात मिळाली तर लाखावर ५० हजार वाचतील. पण अट अशी की वस्ती खरोखर हलाखीची हवी, संस्थेचे काम आधी मंजूर झालेले हवे, आणि वर्षभरात राज्य एकूण किती सूट देणार याला मर्यादा हवी. मिसूरी, व्हर्जिनिया वगैरे राज्यांनीही पुढे तसेच कायदे केले.

अमेरिकेने केले म्हणून आपणही करावे, असे म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. आपल्याच घरात याचे दाखले आहेत. १९७७ साली आपल्या आयकर कायद्यात ग्रामीण विकासाच्या मंजूर कामांवर कंपन्यांनी आणि सहकारी संस्थांनी केलेला खर्च वजा करून देणारे कलम आले होते. सहकारी संस्थांनीही, हे शब्द पाहा! ते कलम ऐंशीच्या दशकात गेले. १९९१ साली आणखी एक कलम आले. राष्ट्रीय समितीने मंजूर केलेल्या समाजकार्याला दिलेली रक्कम त्यात पूर्ण वजा होई. २०१७ साली तेही संपले. आणि सर्वांत मोठा दाखला आपल्या राज्याचा. महाराष्ट्र सरकार १९६४ पासून मागास भागात कारखाना काढणाऱ्यांना सवलती देत आले आहे. त्यासाठी तालुक्यांची वर्गवारी केलेली आहे: अ, ब, क, ड आणि ड अधिक. तालुका जितका मागास तितकी सवलत मोठी. कारखानदाराला नफा कमावण्यासाठी सूट द्यायची तर सरकारला तालुका दिसतो. मग बावीस मुलींना गोडे पाणी देण्यासाठी सूट द्यायची तर का दिसू नये? यादी तयार आहे. कारकुनाने ती दुसऱ्या टेबलावर न्यायची एवढेच काम!

म्हणून माझे मागणे असे. एकक जिल्हा नको, तालुका हवा. कारण वाशीमची सीमा ओलांडली म्हणून दैन्य थांबत नाही, आणि खामगावची बाजारपेठ पाहून संग्रामपूरची कल्पना येत नाही. अशा मागास तालुक्यांची यादी राज्याने द्यावी, आणि तेथल्या संस्थेला मदत करणाऱ्याला केंद्राने थेट करात सूट द्यावी, मग त्याने कोणताही दर निवडलेला असो. ही सूट सहकारी संस्थेलाही असावी. पैसा त्या तालुक्यातल्या संस्थेच्या हाती पडावा. मुंबईच्या संस्थेने येथे येऊन तीन दिवसांचे शिबिर भरवून, फोटो काढून परत जाण्यासाठी नव्हे. आणि वर्षाच्या एकूण सवलतीला बांध घालावा, म्हणजे तिजोरीला भोक पडणार नाही.

यावर तीन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत.

पहिला आक्षेप भाविकांचा: दान निरपेक्ष हवे, त्याला सवलतीचे आमिष कशाला? अगदी मान्य. शेगावला जाऊन पाहा. गजानन महाराज संस्थानाने दवाखाने चालवले, अभियांत्रिकी महाविद्यालय उभे केले. त्यामागे लाखो साध्या माणसांची देणगी आणि सेवा आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांनी कराचे कलम कधी ऐकलेलेही नसेल. पण श्रद्धेला जेथे स्थान आहे तेथे ती आपोआप पोहोचते. आमच्या वसतिगृहात महाराज नाहीत, मुली आहेत. त्यांच्यासाठी कायद्याला थोडे बोट दाखवावे लागेल.

दुसरा आक्षेप असा की शाळा, पाणी, वसतिगृह ही सरकारचीच कामे आहेत. ती दात्यांवर का ढकलता? हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्याचे उत्तर मी टाळणार नाही. कामे सरकारचीच आहेत. सवलत देऊन सरकारने हात झटकले तर मी पहिला ओरडेन. पण सरकारची योजना जिल्ह्यावरून गावात येईपर्यंत आठवीतली मुलगी घरी परत जाते आणि तिचे लग्न होते. त्या मधल्या काळात पाणी कोणी पाजायचे?

तिसरा आक्षेप जाणत्यांचा: सवलत आली की लबाडी आली. शंभराची पावती फाडायची आणि नव्वद रोख परत द्यायचे, हा धंदा काही नवा नाही. खरे आहे. चाळीस वर्षे वह्या लिहिल्या, मला सगळ्या वाटा ठाऊक आहेत. पण लबाडी दूरच्या अंधारात होते. पैसा बँकेतून यावा, आणि वर्षातून एकदा संस्थेचा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. साडेतीन लाखांचे यंत्र आले की नाही, हे मोठमोठ्या लेखापरीक्षकांपेक्षा विहिरीवर घागर घेऊन उभी असलेली बाई लवकर सांगेल.

असो. यंत्राचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. ते बसले. त्यासाठी पावतीपुस्तकातल्या सत्त्याण्णव पावत्या फाडाव्या लागल्या. सर्वांत मोठी पंचवीस हजारांची, सर्वांत लहान दहा रुपयांची. एका आजीबाईंनी दोन पायल्या तूर आणून दिली; त्या पावतीवर रुपयांच्या रकान्यात काय लिहावे हे चाळीस वर्षांच्या दिवाणजीला सुचेना, म्हणून "तूर, दोन पायल्या" असेच लिहिले. एवढ्या मंडळींची नावे एका पाटीवर मावेनात, म्हणून यंत्रावर पाटी नाही. स्वयंपाकघर मात्र अजून झालेले नाही. पावसाळ्यात चूल व्हरांड्यात येते आणि धूर अभ्यासाच्या खोलीत जातो.

भाऊबीज आटोपून मंडळी पुण्याला निघाली. गाडीत सामान ठेवून जावईबापू परत ओसरीवर आले आणि माझ्या हातात पाच हजारांचा धनादेश ठेवला. "स्वयंपाकघरासाठी," म्हणाले. मी पावतीपुस्तक काढले आणि सवयीने सांगितले की संस्थेकडे सवलतीचे प्रमाणपत्र आहे.

"मला उपयोग नाही," ते म्हणाले. "मी नव्या पद्धतीने कर भरतो. बघा बाबा, सवलतीवाचून दिले की नाही?"

"दिलेत," मी म्हणालो, "कारण तुम्हाला पत्ता ठाऊक होता."

ते काही बोलले नाहीत. मी पावती फाडून त्यांच्या हाती दिली.